इंदूवहिनीची कोंबडी

कॉम्प्युटरच्या कामात तू कशी आलीस, असं मला कुणी विचारलं की मी सांगते, नागपूरला शिकले आणि आले. हे खरं आहे, पण पुरतं नाही. पुरतं सांगायचं तर इंदूवहिनीपासून सुरुवात करावी लागते, आणि ते आजही माझ्या जिवावर येतं. आता आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो, तिच्या गुडघ्यांची आणि माझ्या डोळ्यांची चौकशी आम्ही फोनवर करत असतो. तरी तिचं नाव घेताना माझा आवाज जरा कोरडा होतो, हे माझ्या मुलीनं बरोबर हेरलंय.

वहिनी आमच्याकडे आली ती पांढुर्ण्याहून, दादाची बायको होऊन. सौंसरला आमचं घर गावाच्या कडेला होतं. पुढे रस्ता, त्यावरून नागपूरच्या आणि छिंदवाड्याच्या गाड्या हॉर्न वाजवत जायच्या, आणि मागे आमचा संत्र्याचा बगीचा. ती आली आणि बघता बघता घर तिचं झालं. माझ्या भाकरीला आयुष्यात कधी बरं न म्हणणारी आई शेजारणीला ओट्यावरून हाक मारून सांगायची, "आमच्या इंदूच्या हातची भाकर पाह्य वं, कशी फुगून राहिली!" तिनं पाटोडी केली की दादा ताटावरून उठायचं नाव घेत नसे. बाबा जेवताना कुणाशी बोलत नसत, लहानपणी आम्ही बोललो तर नुसतं डोळे वर करून पाहायचे. तेच बाबा आता जाम नदीला पाणी किती आहे, तुमच्याकडं कापूस कसा आहे, असं तिला विचारायचे, आणि ती डोक्यावरचा पदर सावरत उत्तरं द्यायची. आमची म्हैस मला लाथ दाखवायची आणि तिच्या हाताखाली शहाण्यासारखी उभी राहायची. म्हशीचाही राग यावा, अशी माझी अवस्था होती.

माझ्यापाशी तिच्यापेक्षा जास्तीची एकच गोष्ट होती. मी नागपूरला मावशीकडे राहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आले होते. सौंसरात त्या वेळी कॉम्प्युटर पाहिलेली माणसं शोधावी लागली असती, आणि त्यात बाई तर मी एकटीच. घरात कुणाला त्यातलं काही कळत नसे, पण आल्यागेल्याला सांगायला ते बरं असायचं. मी त्या मोठेपणाला घट्ट धरून होते. माझ्यासाठी सावरगावचं एक स्थळ चाललं होतं, तेही वहिनीच्याच माहेरच्या ओळखीचं. संत्र्याची तोडणी लागली की ते लोक हो-नाही कळवणार होते. म्हणजे मी कुणाच्या घरी जायचं हेसुद्धा तिच्याच माणसांच्या हाती. मला जायचं होतं नागपूरला, नोकरीला. हे मी आईला सांगितलं होतं, बाबांना सांगितलं होतं, रडून सांगितलं होतं, न जेवता सांगितलं होतं. बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. "पाहू."

अशात खोब्रागडे सरांचा निरोप आला. ते आम्हाला क्लासमध्ये शिकवायचे, आणि आता नागपूरच्या एका लहानशा कंपनीत होते. ही कंपनी कापसाच्या जिनिंगवाल्यांच्या आणि फळांच्या अडत्यांच्या ऑफिसांत कॉम्प्युटर बसवून द्यायची. मशीन कोलमडली की सगळी सिस्टिम फ्लॉपीवरून पुन्हा आत घालावी लागे आणि तेवढ्यासाठी नागपूरहून माणूस गाडीनं धाडावा लागे. त्यावर उपाय म्हणून सरांनी एक प्रोग्राम लिहिला होता. त्याला ते इन्स्टॉलर म्हणायचे. त्यात हुकूम टाइप करायचे नाहीत, इंग्रजी वाचायचं नाही. पडद्यावर चित्रं येतील, चित्रं पाहून मुनीमजीनं एकेक फ्लॉपी घालायची, की सिस्टिम तयार. कल्पना अशी की ज्यानं कधी मशीनला हात लावला नाही, त्यालाही हे जमलं पाहिजे. "तुमच्या भागात तशी माणसं भरपूर आहेत," सर म्हणाले. "नंदा, तू तपासून दे. हे नीट चाललं तर इथं तुझी जागा पक्की."

बाबांनी एकच अट घातली. मी कुणाच्या ऑफिसात जाऊन बसणार नाही, मशीन घरी आली तर चालेल. म्हणून मशीन घरी आली, नागपूरच्या गाडीच्या टपावरून, संत्र्याच्या दोन पेट्यांत तणस घालून. बैठकीतल्या टेबलावर ती मांडली, खाली स्टॅबिलायझर ठेवला, तो भुंग्यासारखा गुणगुणायचा. आईनं मशीनवर टाकायला क्रोशाचा रुमाल शोधला. तो वहिनीनं विणलेला होता, हे सांगायला नकोच. पहिल्या दिवशी शेजारपाजारच्या बाया पाहून गेल्या, आणि त्यांना मी चित्रं दाखवली तेव्हा वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत आली नाही. मला फार बरं वाटलं होतं.

मग माणसं यायला लागली. दादानं ओळखीतून गोळा केली होती. लोधीखेड्याचे एक मुनीमजी, एक अडत्या, दवाखान्यातला कंपाउंडर, दादाचे दोघे-तिघे दोस्त. सरांची सक्त ताकीद होती की माणसाला काही सांगायचं नाही, शेजारी बसायचं नाही, त्याचं त्याला करू द्यायचं. आणि बाबांचा नियम असा की लग्नाच्या मुलीनं परक्या माणसांबरोबर बैठकीत बसायचं नाही. दोन्ही नियम एकमेकांना छान जुळले. मी फ्लॉप्या हातात द्यायची आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसायची. तिथं मला नुसता आवाज यायचा. फ्लॉपी घातली की खिट्टी बंद केल्याचा टक आवाज, मग मशीनची करकर, मग शांतता, मग दुसरी फ्लॉपी. मधेच वहिनीच्या बांगड्या वाजायच्या, म्हणजे चहा गेला. आणि थोड्या वेळानं बैठकीतून हाक यायची, "बाई, फुली आली पाहा."

फुली म्हणजे बिघाड. दर वेळी तिसऱ्या फ्लॉपीलाच फुली. मुनीमजींची फुली, अडत्याची फुली, कंपाउंडरची फुली. विचारावं तर प्रत्येक जण सांगायचा, "चित्रात होतं तसंच केलं जी, काही गडबड नाही केली." मी फ्लॉपी बदलून पाहिली. व्होल्टेजवर संशय घेतला, कारण आमच्याकडे दुपारी दिवे मंद, लालसर व्हायचे. ऊन लागतं म्हणून टेबल खिडकीपासून हलवलं. मशीन उघडून धूळ पुसली, जिनिंगची रुई कुठं आत गेली का तेही पाहिलं. आणि दर वेळी मी स्वतः बसले की सगळं सुरळीत पार पडायचं, शेवटची बरोबरची खूण यायची. मला कळेना की मशीन माझं ऐकते आणि बाकी कुणाचं कसं ऐकत नाही. खरं सांगायचं तर त्यात थोडं सुखही होतं. चला, निदान मशीन तरी माझ्या बाजूची आहे, असं वाटायचं. पण पोस्टात जाऊन सरांना फोन लावला तेव्हा ते चिडले. म्हणाले, लोकांना जमतच नसेल तर हे चित्रांचं प्रकरण गुंडाळून टाकू, मालकही तेच म्हणताहेत. प्रकरण गुंडाळलं की माझी जागाही गुंडाळली, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. बगीच्यात संत्री पिवळी पडायला लागली होती.

मी घरी येऊन मशीनपुढं बसले होते, चेहरा पाडून. वहिनी संध्याकाळची मेथी निवडत दारात बसली होती. ती म्हणाली, "ताई, एक गोष्ट बोलू का? रागावशान नाही ना?"

"बोल."

"ते लोक बरोबरच करून राहिले. तो डमरू येते ना, तेव्हा काढून घेतात."

"कोणता डमरू?"

"तो नाही का, तिसऱ्या वेळी येते अन् मस्त टाइम थांबते. पहिल्या दोन वेळी तो दिसला नाही दिसला की जाते. तिसऱ्या वेळी तो उभाच राहते. मी चहा घेऊन जातो तेव्हा पाहतो ना मी. मुनीमजीनं तर हात जोडले त्याले. मंग म्हणे, झालं बाप्पा, अन् फ्लापी काढली."

पडद्यावर येत होतं ते वाळूचं घड्याळ होतं. वर एक त्रिकोण, खाली एक त्रिकोण, मधे बारीक कंबर. त्याचा अर्थ थांबा, काम चालू आहे. हे मी नागपूरला पहिल्याच आठवड्यात शिकले होते, इतकं पक्कं शिकले होते की ते दुसरं काही असू शकेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी जोरात म्हणाले, "ते डमरू नाही, घड्याळ आहे. वाळूचं घड्याळ."

"वाळूचं घड्याळ?" तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. "वाळूचं कधी घड्याळ राहते का, ताई?"

मी पण ते फक्त पुस्तकातच पाहिलं होतं. आईला बोलावलं, विचारलं, हे काय आहे? आई म्हणाली, डमरू. बाबा बगीच्यातून आले, चष्मा लावून वाकून पाहिलं आणि म्हणाले, डमरूच आहे. आमच्या भागातली माणसं दरसाल महादेवाला जातात, डोंगर चढून, त्रिशूळ घेऊन. परतली की आमच्या आळीत डमरू वाजवत शिरायची. डमरू ऐकू आला की यात्रा पुरी झाली, पंगतीची तयारी करा. सरांनी जे चित्र थांबा म्हणून घातलं होतं, ते पाहून आमची माणसं काम सुखरूप पार पडलं म्हणून हात जोडत होती, आणि अर्ध्यातून फ्लॉपी काढून घेत होती. आज माझा नातू मोबाइलवर गोल फिरणारी चकती पाहत बसतो आणि मला विचारतो, आजी, ही कशाची चकती? मी म्हणते, कशाचीच नाही बाबा, हेच तर तिचं बरं आहे.

मला हायसं वाटायला हवं होतं. बिघाड सापडला होता, माझी जागा वाचायची शक्यता होती. पण माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कोर्स मी केला, मशीन मी उघडली, पोस्टात तासन्‌तास मी ताटकळले, आणि हिनं चहा नेता नेता सांगून टाकलं. भाकरी तिची, म्हैस तिची, बाबा तिचे, आता हेही तिचं. मी फणकाऱ्यानं म्हणाले, "मग तूच सांग ना, थांबा म्हणायला काय चित्र घालू?" मला वाटलं, गप्प बसेल.

तिनं अंगणाकडं पाहिलं. तिथं फुटक्या टोपलीत आमची एक कोंबडी खुडूक झाली होती, दिवसच्या दिवस अंड्यांवरून उठत नव्हती. "ते घाला," वहिनी म्हणाली. "ते बसली असली की कोणी तिले हात लावते का? पोट्टेसुद्धा लावत नाही."

मग ते चित्र मी काढलं. हे लक्षात घ्या, मी काढलं. आलेखाच्या कागदावर चौकोन भरून भरून, चोच, तुरा, फुगलेली पिसं, खाली टोपली. त्या काळी पडद्यावरचं चित्र म्हणजे असे चौकोनच असायचे, एक चौकोन चुकला की कोंबडीचा कावळा व्हायचा. सरांनी चित्रं बदलायची फ्लॉपी दिली होती, तिच्यावरून ते आत घातलं. एकेक चौकोन काळा करताना माझ्या मनात काय चाललं होतं ते मीच जाणे. सुंदर तर झालीच पाहिजे होती, आणि सुंदर झाली तर कौतुक वहिनीचं होणार होतं. शेवटी ती सुंदरच झाली. मला वाईट काम करताच येत नाही, हा माझा स्वभाव मला पुष्कळदा महागात पडलाय. लोधीखेड्याचे मुनीमजी पुन्हा आले. तिसरी फ्लॉपी घातली, कोंबडी आली, आणि ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले. आतून मी कान देऊन होते. करकर चालू राहिली, थांबली. "बाई, बरोबरची खूण आली," मुनीमजी म्हणाले. कंपाउंडरचीही आली. अडत्याचीही आली.

सर स्वतः आले पाहायला. बैठकीत बसले, कोंबडी पाहून खदखदून हसले, आणि मला म्हणाले, "ही कल्पना कुणाची?" वहिनी पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती, शेजारी आई होती. मी नाव घेतलं नसतं तर आईनं घेतलंच असतं, तेव्हा माझ्या खरेपणाचं फार कौतुक करायचं कारण नाही. मी म्हणाले, "वहिनीची." सरांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडं पाठ करून ते तिच्याशी बोलायला लागले. बाकीची चित्रंही तिच्याकडून तपासून घ्यायची होती, नागपूरला ऑफिसात, थोडे दिवस. मी मनात म्हटलं, बाबा सुनेला कशाला पाठवतात! मला तर कुणाच्या ऑफिसात बसूसुद्धा दिलं नव्हतं.

बाबा म्हणाले, "जाऊ द्या की. मोठ्या माणसानं घरी येऊन विचारलं." दादाची तर छाती फुगली. आणि आई माझ्याकडं वळून म्हणाली, "नंदा, तू बी जाय तिच्यासंग. सून एकटी कशी जाईन?"

अशी मी नागपूरला गेले, ज्या ऑफिसात जायचं म्हणून कित्येक महिने जीव टाकत होते त्या ऑफिसात, वहिनीची सोबत म्हणून. मावशीकडं उतरलो. रोज सकाळी वहिनी पदर खोचून खुर्चीवर बसायची, सर आणि दोन इंजिनियर तिच्याभोवती उभे राहायचे, आणि एकेक चित्र येईल तसं ती सांगायची. याला आम्ही अमुक समजू, हे तर कायच समजणार नाही, हे दिसलं की घाबरून मशीन बंद करतील लोक. ती काही मुद्दाम हुशारी दाखवत नव्हती. घरी बोलायची तशीच बोलत होती, आणि तेच मला सोसत नव्हतं. मी कोपऱ्यात बसून ती म्हणेल ते टिपून घेत होते. शेवटच्या दिवशी सर म्हणाले, "वहिनी, इथंच काम करा ना आमच्याकडं." ती हसायला लागली. म्हणाली, "मले नाही जमत जी. माझं घर कोण पाहीन? अन् हिले कावून नाही विचारत तुम्ही? चित्र तर हिनंच काढलं."

सर म्हणाले, "नंदाची जागा आहेच. प्रश्न घरच्यांचा आहे."

प्रश्न खरंच घरच्यांचा होता. परत आलो तर बगीच्यात तोडणी चालू होती, पेट्यांवर खिळे ठोकल्याचे आवाज दिवसभर यायचे, आणि सावरगावच्या लोकांचा होकार येऊन पडला होता. मी बाबांना पुन्हा विचारलं. बाबा म्हणाले, आता काय पाहायचं राहिलं? मी भांडले. नोकरी मिळाली आहे, सर स्वतः म्हणाले, मावशीकडं राहीन. बाबांनी वर पाहिलंच नाही. आई म्हणाली, पोट्टीच्या जातीनं किती तोंड चालवावं. मी दोन दिवस नीट जेवले नाही, आणि कुणी फारसं लक्षही दिलं नाही, कारण तोडणीच्या दिवसांत कुणाला तेवढी फुरसत नव्हती.

त्या दिवशी बाबा आणि दादा जेवायला बसले होते. वहिनी वाढत होती. वरणावर तूप घालता घालता ती सहज म्हणाली, "मामाजी, सावरगावच्या लोकायले थोडं थांबा म्हणून सांगू का? माझ्या काकाले सांगतो, ते बोलतीन त्यायच्याशी."

बाबा म्हणाले, "कावून?"

"ताईले नागपूरले जाऊ द्या. एखादं साल करू द्या काम. मी पाहून आली ना ते जागा, चांगली आहे. मी म्हणून राहिली."

मी चुलीपाशी होते. तव्यावरची भाकरी उलटायची तशीच राहिली. बाबांनी घास संपवला, पाणी प्यायले. मी जे रडून मागितलं होतं, भांडून मागितलं होतं, उपाशी राहून मागितलं होतं, तेच तिनं तूप वाढता वाढता मागितलं होतं.

"बरं," बाबा म्हणाले. "तू म्हणतं तर जाऊ दे."

भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा आई माझ्यावर ओरडली. मी तवा खाली घेतला आणि मागच्या दारानं बगीच्यात गेले. तिथं रिकाम्या पेट्यांच्या थप्पीआड बसून मी रडले, अगदी हमसून. मला जन्मभर पुरेल असं सगळं मिळालं होतं, आणि ते मला तिच्या हातून नको होतं. आई दारातूनच माझे हुंदके ऐकून दादाला म्हणाली, "पोट्टी खुशीनं रडून राहिली." वहिनीला मात्र कळलं असावं, कारण ती माझ्यामागे आली नाही.